भरलेल्या गाडीची चाचणी

सकाळी बरोबर आठ वाजून बावीस मिनिटांनी दौलतराव बाबरांनी घराला कुलूप लावलं, खिशातल्या डायरीत वेळ टिपली आणि दोन भल्यामोठ्या बॅगा लिफ्टकडे ढकलायला सुरुवात केली. त्यांच्यामागून मालनबाई डब्याची पिशवी सांभाळत, पाय आपटत निघाल्या.

"अहो, विमान उद्याचं आहे," त्या म्हणाल्या. सकाळपासून सहाव्यांदा.

"माहीत आहे. म्हणून तर आज निघालोय."

दौलतरावांनी एकतीस वर्षं कल्याणच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. नवा मार्ग सुरू करायचा तर आधी चाचणी फेरी घ्यायची, तीही भरलेल्या गाडीची, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. निवृत्तीनंतर गाडी गेली, डेपो गेला, पण चाचणी काही सुटली नाही. मावस बहिणीच्या मुलाच्या लग्नाला बदलापूरला जायचं होतं, तेव्हासुद्धा ते आदल्या रविवारी एकटेच जाऊन रिकामा हॉल बघून आले होते.

या वेळी तर कारणही तसंच होतं. धाकटी समीक्षा बंगळुरात बाळंत व्हायची होती. डॉक्टरांनी रविवारची तारीख दिली होती. समीक्षा स्वतः जन्मली, तेव्हा दौलतराव डेपोत अडकले होते. बदलीचा माणूस आला नाही, पुढे घाटात गाडी बंद पडली, आणि ते कराडला, सासुरवाडीला पोचले तेव्हा बाळ नऊ तासांचं झालं होतं. सासूबाई त्यावर काही बोलल्या नव्हत्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ते न बोलणं दौलतरावांच्या मनात आजवर सलत होतं. लेकीच्या बाळंतपणाला आपण वेळेवर हजर असायचं म्हणजे असायचंच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आता डोंबिवलीच्या माणसाने विमानाला जायचं कुठून, यावर त्यांच्या आवडाई अपार्टमेंटमध्ये महिनाभर परिषदा झाल्या होत्या. निम्म्या बिल्डिंगचं मत जुन्या विमानतळाच्या बाजूने, उरलेल्यांचं नव्या मुंबईच्या नव्या विमानतळाच्या बाजूने. दुसऱ्या मजल्यावरच्या विश्राम सावंतांनी तर नाशिकजवळचं ओझर सुचवलं, कारण त्यांची सासुरवाडी तिकडे होती. दौलतरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पंधरा दिवसांपूर्वी गुपचूप जुन्या विमानतळाची चाचणी घेतली. ठाण्याला माजिवड्याच्या पुलाखाली त्यांची टॅक्सी पन्नास मिनिटं जागची हलली नाही. तिथल्या तिथे त्यांनी पुण्याला मुलाला, सुदेशला, फोन करून शुक्रवारची नव्या विमानतळाची तिकिटं काढायला लावली. दुपारी बारा चाळीसचं विमान.

पण गुपचूप कसलं? ती चाचणी बिल्डिंगभर झाली. पोरं जिन्यात विचारायला लागली, "काका, आज कुठल्या एअरपोर्टला?" मालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून या वेळी त्यांनी अटच घातली होती.

"मी येते तुमच्या त्या चाचणीला. पण कुणाला कळलं ना, तर उद्या एकटे जा बंगळुरला."

"तू आलीच पाहिजेस. चढउताराचा वेळ धरावा लागतो. आणि बॅगाही हव्यात. रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं टायमिंग एक नसतं, मालन."

खरं सामान चाचणीला न्यायला मालनबाईंनी साफ नकार दिला होता. डिंकाचे लाडू हेलकाव्यांनी फुटले असते. त्यामुळे लाडवांचे डबे, दुपटी, अंगडी-टोपडी सगळं पलंगावर मांडून ठेवलेलं होतं, ते संध्याकाळी भरायचं होतं. बॅगांमध्ये दौलतरावांनी नुसतं वजन भरलं होतं: वरवंटा, लोखंडी खलबत्ता, पाच किलो ज्वारी आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. वाण्याच्या काट्यावर नेऊन प्रत्येक बॅग बरोबर पंधरा किलो करून आणली होती. आता बोला!

टॅक्सी मागच्या फाटकाशी बोलावली होती. पण मागच्या फाटकाशीच आवडाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी होती ती यांची. तळमजल्यावरची तीन घरंही यांचीच. शनिवारी त्यांच्या धाकट्या लेकाची, दिपेशची, हळद होती. आणि आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे पाहुणे मोजायचे नसतात, फक्त पंगती मोजायच्या.

"अगो बाय! निंगालाव?" आवडाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आनी मना सांगलाव पन नाय?"

"नाही, म्हणजे... आम्ही जरा..." मालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं.

"राघोऽ! भायेर ये! मालनबाय चालली ईमानान! रुपाली, दही आन गो! नारल आन!"

पुढच्या चार मिनिटांत (डायरीत तशी नोंद आहे) काय काय झालं, ते दौलतरावांना नीटसं कळलंच नाही. सुनेने, रुपालीने, दोघांच्या हातावर दही घातलं. आवडाबाईंनी मालनबाईंची ओटी भरली, नारळ दिला आणि त्यांना मिठी मारून डोळे पुसले. "लेकीला सांग, मावशीन आशीर्वाद दिलाय. पोरगा नाय तर पोरगी, धष्टपुष्ट होऊ दे." आता ओटी भरून, डोळ्यांतून पाणी काढून झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगायचं, की आम्ही दुपारी परत येतोय म्हणून?

"आनी चावी दे गो," आवडाबाईंनी हात पुढे केला.

महिन्यापूर्वी मालनबाईंनीच तर म्हटलं होतं, 'आम्ही निघालो की चावी तुमच्याकडे, हळदीच्या पाहुण्यांना आमच्या घरी झोपवा.' शब्द म्हणजे शब्द. त्यांनी पर्समधून चावी काढून दिली. दौलतरावांनी "अगं, अगं" एवढंच केलं, पण तोवर चावी रुपालीच्या हातात आणि रुपाली जिन्यात होती.

तिकडे आवडाबाईंचे धाकटे दीर राघोशेठ टॅक्सीवाल्याला दरडावत होते. "जा रे तू! आमचे बिल्डिंगचा मानूस ईमानाला टॅक्सीन जानार? आमची काय इज्जत हाय का नाय? नयन, गारी काढ!"

राघोशेठांचा पुतण्या नयन पांढरीशुभ्र, दांडगी गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर मालनबाईंच्या शेजारी आवडाबाई आधीच चढून बसलेल्या.

"तुम्ही कशाला त्रास घेताय?" दौलतराव कळवळून म्हणाले.

"तरास कसला? माजा माहेर हाय तिथं. जिथं ते ईमान उतरतात ना, तिथं आमचा गाव होता. समदी घरा उठवून पलीकडं नेली. कवापासना बगायचाय मना. आज तुमचे निमतान झाला."

नयनने गाडी अशी हाणली, की शीळफाट्याच्या सिग्नलला दौलतरावांनी डोळे मिटले आणि तळोजा मागे पडल्यावर उघडले. "काका, टेन्शन नको घेऊ. तुला विमानाच्या आधी पोचवतो," नयन म्हणाला. दौलतरावांना तीच तर भीती होती, चोवीस तास आधी!

नऊ पन्नासला गाडी विमानतळाच्या दाराशी लागली. एक तास अठ्ठावीस मिनिटं. एरवी दौलतराव या आकड्यावर खूश झाले असते. ठरल्याप्रमाणे दाराला हात लावून परत फिरायचं होतं. पण आता परत फिरायचं कसं? नयन गाडी लावायला पुढे गेला, आणि आवडाबाई पदर खोचून कठड्याशी उभ्या राहिल्या.

"जावा तुमी आत. मी ईमान वर जाताना बगीन, मंगच घरी जाईन."

झालं. दोघे बॅगा ओढत दाराकडे निघाले. मागून आवडाबाई हात हलवत होत्या. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, आधारकार्ड पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं.

"अंकल, ये तो कल का है."

"मालूम है."

"मालूम है तो आज क्यों आये?"

"टाइम देखने."

जवानाने शांतपणे मनगट पुढे करून आपलं घड्याळ त्यांच्यासमोर धरलं.

मालनबाईंनी नवऱ्याच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना बाजूच्या एका जाडजूड खांबामागे ओढलं. खांब चांगला ऐसपैस होता, दोन माणसं आणि दोन बॅगा आरामात मावल्या.

"आता?" मालनबाई कुजबुजल्या. "घराची चावी गेली. बारा वाजता पाहुणे येतील. आपण परत जायचं कुठे? आणि उद्या काय सांगून निघायचं? पुन्हा ओटी भरून घ्यायची?"

"त्या गेल्या की आपण रिक्षा करू..."

"कुठली रिक्षा? हा काय कल्याण स्टँड आहे? अहो, उद्याचं विमान चुकलं तर पोरीला काय तोंड दाखवू मी? एकटी आहे हो ती तिकडे!" आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

दौलतरावांना स्वतःचा राग आला. नियंत्रकाने कधी घाबरायचं नसतं. पण नियंत्रकापाशी निदान डेपो तरी असतो. त्यांनी गपचूप डब्याची पिशवी उघडली आणि बायकोसमोर चपाती-भाजी धरली. दुसरं काय करणार? दोघांनी खांबाला टेकून, बॅगांवर बसून जेवायला सुरुवात केली.

इकडे आवडाबाईंनी दोन विमानं वर जाताना पाहिली. दोन्हींना हात केला, न जाणो मालन कुठल्या विमानात असेल! मग त्या आपला जुना गाव नेमका कुठे होता याचा अंदाज घेत हिंडू लागल्या. वडाचं झाड या बाजूला असेल, विहीर त्या बाजूला असेल असं पुटपुटत त्या खांबाला वळसा घालून आल्या, तर समोर मालनबाई चपातीचा तुकडा हातात धरून बसलेल्या!

"ईमान चुकला?" आवडाबाईंनी छातीवर हात ठेवला.

मालनबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "विचारा यांनाच."

दौलतराव उठून उभे राहिले. साहेबासमोर उशिराचं कारण द्यावं, तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. चाचणी, भरलेली गाडी, पंधरा-पंधरा किलो, सगळं. आवडाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की तो मघाचा जवान धावत बघायला आला.

"मी त्या ईमानाला हात करतंय, 'मालन गेली, मालन गेली' बोलतंय, आनी ही बया हितं चपाती खातंय!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "चला, उठा. घरी सांगू, ईमान पंचर झाला. कोनाला काय कलत नाय. माजे खोलीत झोपा, सकाली नयन परत आनून सोरील."

"पण पलंगावरचं सामान?" मालनबाईंना एकदम आठवलं. "बाळाचं सगळं मांडून ठेवलंय हो मी!"

आवडाबाईंनी लगेच रुपालीला फोन लावला. स्पीकरवर सगळं ऐकू आलं.

"रुपाली, मालनचे पलंगावर लारवांचे डबे हायत, ते उचलून ठेव."

"लाडू? आई, पाव्हणे लवकर आले. मला वाटलं, काकूंनी त्यांच्यासाठीच ठेवलेत. चहाबरोबर संपले पण. मोठे मामा बोलले, लय बेस झाले, कंबर धरली होती ती सुटली."

"आनी दुपटी?"

"त्यावर मोठे मामाच झोपलेत."

मालनबाईंनी कपाळावर हात मारला. दौलतरावांनी डायरी काढली आणि काही न टिपता पुन्हा खिशात ठेवली. आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या खिशातला फोन वाजला. जावई होता, अपूर्व.

"बाबा, घाबरू नका. समीक्षाला पहाटेपासून कळा सुरू झाल्यात. आत्ता हॉस्पिटलला आणलंय. डॉक्टर म्हणतात, आजच होईल. ती सारखी आईला विचारतेय. तुमचं उद्याचं आहे ना विमान? मी म्हटलं तिला, उद्या येतील. बघा, लवकर निघता आलं तर..."

दौलतरावांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजले होते. आणि मग त्यांच्यातला एकतीस वर्षांचा नियंत्रक असा जागा झाला, की बघत राहावं!

"अपूर्वराव, फोन ठेवा," ते म्हणाले आणि त्यांनी सुदेशला लावला. "सुदेश, उद्याची तिकिटं आजच्या बारा चाळीसवर टाक. कसंही कर. आम्ही विमानतळावर आहोत."

"विमानतळावर? आज? बाबा, तुम्ही परत..."

"शिव्या नंतर दे. तिकीट आधी."

सात मिनिटांनी सुदेशचा फोन आला. शेवटच्या दोन जागा होत्या, एक पुढे आणि एक पार मागे. पण होत्या!

"अहो, पण या बॅगा!" मालनबाई ओरडल्या. "पोरीच्या बाळंतपणाला काय खलबत्ता घेऊन जाऊ?"

आवडाबाईंनी एक बॅग भसकन उघडली. वर्तमानपत्रं बाहेर, खलबत्ता बाहेर. तोवर नयन गाडी लावून आलाच होता. त्याच्या हातात त्यांनी ज्वारीची पिशवी दिली, आणि वरवंटा उचलून पुन्हा बॅगेत ठेवला.

"ह्यो राहू दे. आज पोर होतंय, म्हंजे बाराव्या दिवशी बारसा. पालन्याखालना काय फिरवशील? त्या बंगलुरात मिक्सर फिरवशील?"

मालनबाई रडता रडता हसल्या. खरंच की! समीक्षाच्या घरी पाटा-वरवंटा कुठला असणार! मग आवडाबाईंनी गाडीतून आपली पिशवी मागवली. माहेरच्या माणसांना द्यायला म्हणून त्यांनी एक मऊसूत, धुऊन धुऊन साय झालेली सुती साडी आणली होती. लहान भावाच्या नातवाला दुपट्यांसाठी. ती त्यांनी वरवंट्याला गुंडाळली.

"माजे भावाला दुसरी देईन. हिची दुपटी कर. पोराला टोचत नाय."

"आवडाबाई, तुमचे उपकार..." दौलतरावांनी हात जोडले.

"उपकार बिपकार नंतर. पल! आनी ह्या टायमाला खरा ईमानात बस रे बाबा, मी परत हात करनार हाय!"

दारावर तोच जवान होता. त्याने तिकीट पाहिलं, तारीख पाहिली, दौलतरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

"टाइम मिल गया, अंकल?"

"मिल गया, बेटा," दौलतराव म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळ न टिपता आत गेले.

बॅगेच्या तपासणीला मात्र त्यांना बाजूला घेतलंच. पडद्यावर साडीत गुंडाळलेला तो लांबट दगड बघून अधिकारी बाईंनी विचारलं, "ये क्या है?" मालनबाईंनी हिंदीत बारशाची पूर्ण पद्धत समजावून सांगितली, पाळण्याखालून वरवंटा कसा या हातातून त्या हातात देतात तेही हातवारे करून दाखवलं. मागे रांग खोळंबली होती. बाई माहेरच्या विदर्भातल्या निघाल्या. "आमच्याकडेही देतात हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बॅगेची चेन स्वतः लावून दिली.

विमानात मालनबाई पुढे खिडकीशी आणि दौलतराव शेवटच्या रांगेत, असा प्रवास झाला. आयुष्यातलं पहिलं विमान, पण वर कधी गेलं आणि खाली कधी आलं, दोघांनाही कळलं नाही. दौलतराव सारखे मान वर करून पुढच्या डोक्यांमध्ये बायकोचा अंबाडा शोधत होते. मालनबाई डोळे मिटून ग्रामदेवतेला नवस बोलत होत्या, बहुधा एकापेक्षा जास्त.

चार वाजता ते दोघे एका बॅगेत वरवंटा आणि दुसरीत अजून तशीच राहिलेली वर्तमानपत्रं घेऊन बंगळुरातल्या त्या हॉस्पिटलच्या दारात उभे राहिले. अपूर्व त्यांना बघून भूत पाहिल्यासारखा दचकला. मालनबाई चपला काढून थेट लेकीच्या खोलीत गेल्या, आणि चार वाजून पंचवीस मिनिटांनी आतून बाळाचा टाहो ऐकू आला. मुलगी झाली. दौलतराव बाहेरच्या बाकावर बसून दोन्ही हातांत तोंड लपवून रडले. भरपूर रडले, आणि त्यांना त्याची अजिबात लाज वाटली नाही.

तासाभराने सगळे समीक्षाच्या खाटेभोवती जमले. अपूर्वला अजून विश्वास बसत नव्हता.

"साडेदहाला मी फोन केला! डोंबिवलीहून साडेपाच तासांत हे इथे हजर! बाबा, कसं शक्य आहे? आम्हाला इथल्या इथे ऑफिसातून घरी यायला दोन तास लागतात."

मालनबाईंनी डोळे वटारून नवऱ्याकडे पाहिलं. पण दौलतरावांनी एकतीस वर्षांत वेळेची खोटी नोंद कधी केली नव्हती.

"खरं सांगू? आम्ही उद्या निघण्याची चाचणी घेत होतो. तुमचा फोन आला तेव्हा विमानतळाच्या खांबामागे बसून चपाती खात होतो."

अपूर्व खो खो हसला. दारातल्या नर्सला त्याने हिंदीत सांगितलं, तीही हसली. "बाबा म्हणजे ना! एवढ्या धावपळीत असा विनोद सुचतो यांना!" मालनबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

समीक्षा तेवढी हसली नाही. थकलेली मान उशीवर जराशी वळवून तिने बापाकडे पाहिलं.

"किती वेळ लागला, बाबा?"

"एक तास अठ्ठावीस," दौलतराव म्हणाले. "भरलेल्या गाडीला."

ते तिला पुढचे टप्पे सांगणारच होते. तेवढ्यात मालनबाईंनी बाळ त्यांच्या हातात दिलं.